पडद्यावरचा प्रश्न, घरातले उत्तर

स्वमग्नतेचे निदान रक्त तपासून होत नाही आणि मेंदूच्या एमआरआयमध्येही ती दिसत नाही. काही मुलांत जनुकीय तपासणीतून मूळ कारण सापडते, पण मूल स्वमग्न आहे की नाही हे ठरते ते त्याच्या वागण्यावरून. वागणे कळण्याच्या वाटा दोन. पहिली निरीक्षणाची: मूल समोर असताना कसे खेळते, कोणाकडे पाहते, हाक मारली तर वळते का. दुसरी घरच्यांना विचारण्याची. तपासणीच्या खोलीत अर्धा-पाऊण तास दिसणारे मूल कधी बुजलेले असते, कधी प्रवासाने दमलेले, तर कधी नव्या खेळण्यांत रमून नेहमीपेक्षा शहाण्यासारखे वागणारे. दीड वर्षाचे असताना ते बोट दाखवत होते का, आलेले शब्द मध्येच गेले का, फिरत्या पंख्याकडे किती वेळ बघत बसे, हे आईवडिलांना आणि आजीलाच ठाऊक असते.

ही माहिती विचारून घेण्याची रीत मोकळी ठेवली, तर एक डॉक्टर बोलण्यावर भर देतो, दुसरा चंचलपणावर, तिसरा जन्माच्या वेळच्या त्रासावर. तेच मूल तीन ठिकाणी तीन नावे घेऊन परतते. यावर उपाय म्हणून आखीव मुलाखत आली: कोणते प्रश्न, कोणत्या क्रमाने, कोणत्या शब्दांत विचारायचे आणि उत्तराला कोणता अंक द्यायचा हे आधीच ठरवलेली मुलाखत. ही आखणी कागदावरून संगणकाच्या पडद्यावर आली, तेव्हा मुलाखतीला वाट दाखवणारे सॉफ्टवेअर तयार झाले. त्याची गरज कोठे पडते हे समजण्यासाठी बंगळूरचे जयनगर सोयीचे आहे. या वस्तीच्या पूर्वेला होसूर रस्त्यावर निम्हान्स ही देशातली मानसिक आरोग्याची अग्रगण्य संस्था आहे, आणि घरात एक, शाळेत दुसरी, रस्त्यावर तिसरी भाषा ऐकत वाढणारी मुले हे या शहराचे रोजचे चित्र आहे.

मुलाखत आखीव कशी झाली

अमेरिकेतील बाल्टिमोरचे बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये अकरा मुलांचे वर्णन करून स्वमग्नतेला वैद्यकात स्थान मिळवून दिले. त्यांचे वर्णन बारकाव्यांनी भरलेले होते, पण मोजमापाची पट्टी त्यात नव्हती. पट्टीची गरज प्रथम संशोधकांना भासली. १९७७ मध्ये सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांच्या २१ जोड्यांचा अभ्यास करून स्वमग्नतेत आनुवंशिकतेचा मोठा वाटा असल्याचे दाखवले. असे अभ्यास देशोदेशी करायचे, तर लंडनमधले ‘स्वमग्न’ आणि शिकागोमधले ‘स्वमग्न’ एकच असायला हवे.

त्यातून १९८९ मध्ये अ‍ॅन ल कूतर, मायकेल रटर, कॅथरीन लॉर्ड आणि सहकाऱ्यांनी एडीआय ही मुलाखत मांडली. १९९४ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती एडीआय-आर आली. तिच्यात ९३ मुद्दे आहेत आणि ती पूर्ण व्हायला साधारण दीड ते अडीच तास लागतात. प्रत्येक मुद्द्याला शून्यापासून वाढत जाणारा अंक मिळतो. शेवटी ठरावीक अंकांची बेरीज होते: परस्पर सामाजिक व्यवहारासाठी मर्यादा १०, संवादासाठी बोलणाऱ्या मुलांत ८ व न बोलणाऱ्यांत ७, आणि पुनरावृत्तीच्या वागण्यासाठी ३. लक्षणांची सुरुवात तीन वर्षांच्या आत झाली होती का, हे वेगळे पाहिले जाते.

आखीव मुलाखतींचे दोन प्रकार पडतात आणि सॉफ्टवेअरला कोणता सोपा जातो हे त्यावरून कळते. पहिल्या प्रकारात प्रश्न जसाच्या तसा वाचायचा आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नोंदवायचे. निर्णय उत्तर देणाऱ्याचा असतो, त्यामुळे थोडे प्रशिक्षण घेतलेला कोणीही अशी मुलाखत घेऊ शकतो. दुसऱ्या प्रकारात अंक मुलाखतकार देतो. त्यासाठी वागण्याचे पुरेसे चित्र डोळ्यांसमोर उभे राहीपर्यंत त्याला विचारत राहावे लागते. एडीआय-आर या दुसऱ्या प्रकारची आहे. फरक एका साध्या प्रश्नात दिसतो. ‘हाक मारल्यावर वळतो का?’ आई म्हणते, ‘हो, वळतो की.’ पहिल्या प्रकारात येथेच खूण पडते. दुसऱ्या प्रकारात मुलाखतकार म्हणतो, ‘गेल्या आठवड्यातली एखादी वेळ सांगा.’ आई आठवून सांगते, ‘मोबाइलवर त्याचं गाणं लावलं की लगेच वळतो. नुसत्या हाकेला... तीन-चार वेळा ओरडावं लागतं.’ ‘हो’ हे उत्तर खोटे नव्हते, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे होते.

संगणक कोठून आला

रुग्णाची माहिती संगणकाने विचारावी ही कल्पना स्वमग्नतेच्या मुलाखतींहून जुनी आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील वॉर्नर स्लॅक यांनी १९६६ मध्ये अ‍ॅलर्जीच्या रुग्णांचा पूर्वेतिहास संगणकाकडून विचारून घेतला होता. मानसोपचारात मात्र सुरुवात दुसऱ्या टोकाने झाली: माणसाने विचारायचे आणि संगणकाने उत्तरांचे वर्गीकरण करायचे. ब्रिटनमधले जॉन विंग आणि सहकाऱ्यांनी तयार केलेल्या मुलाखतीच्या उत्तरांवरून ‘कॅटेगो’ नावाची संगणकप्रणाली आजाराचा वर्ग काढत असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्किझोफ्रेनियाविषयीच्या नऊ देशांतील अभ्यासात ही पद्धत वापरली गेली. त्यातले भारतीय केंद्र आग्रा होते. स्वमग्नतेच्या अभ्यासातील मोठे नाव असलेल्या लोर्ना विंग या जॉन विंग यांच्या पत्नी. त्यांची मुलगी स्वमग्न होती. लोर्ना यांनी जुडिथ गूल्ड यांच्यासह डिस्को ही स्वतंत्र निदान मुलाखत घडवली.

स्वमग्नतेसाठी संगणकावरच घेण्याची मुलाखत २००४ मध्ये लंडनच्या डेव्हिड स्कूज आणि सहकाऱ्यांनी मांडली. तिचे नाव थ्री-डी-आय. तिच्यात स्वमग्नतेच्या लक्षणांविषयी २६६ प्रश्न, कुटुंब, विकासाचा इतिहास व हालचालींविषयी १८३ आणि इतर मानसिक तक्रारींविषयी २९१ प्रश्न आहेत. मिळून ७४० प्रश्नांचा कागदी गठ्ठा हाताळणे अवघड, पण पडद्यावर एका वेळी एकच प्रश्न येतो, आणि सगळे प्रश्न प्रत्येकाला विचारावे लागतही नाहीत. मुलाखत संपताच लक्षणांचा आलेख आणि लेखी अहवाल तयार होतो. एका बेरजेऐवजी वेगवेगळ्या बाजूंची मोजपट्टी मिळते, त्यामुळे सीमेवरची मुले ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन खोक्यांत कोंबली जात नाहीत. २००९ मध्ये हीच मुलाखत ५३ प्रश्नांवर आणणारी छोटी आवृत्ती निघाली.

याच काळात रॉबर्ट गुडमन यांच्या ‘डॉबा’ या मुलाखतीने मधला मार्ग काढला. ठरावीक प्रश्न विचारायचे, पण जेथे उत्तर होकारार्थी येते तेथे घरच्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवायचे. संगणक उत्तरांवरून संभाव्य निदान पुढे करतो आणि तज्ज्ञ तो मजकूर वाचून ते मान्य करतो किंवा फेटाळतो. गोव्यात १२ ते १६ वर्षांच्या २,०४८ मुलामुलींच्या सर्वेक्षणात हीच मुलाखत वापरली गेली. त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

पडद्यामागची आखणी

अशा सॉफ्टवेअरच्या पोटात तीन गोष्टी असतात: प्रश्नांचा साठा, पुढचा प्रश्न ठरवणारे नियम आणि गुणांकनाची रीत.

नियमांना शाखा म्हणतात. मूल अजून शब्द बोलत नसेल, तर ‘गप्पा मारताना समोरच्याच्या बोलण्यावरून बोलणे पुढे नेते का’ हा प्रश्न निरर्थक ठरतो आणि प्रणाली तो वगळते. त्याच्या जागी मूल हवी ती वस्तू कशी मागते याचे बारीक प्रश्न येतात: बोट दाखवते, आईचा हात धरून वस्तूपाशी नेते, की नुसते रडते? शाखांमुळे किती फरक पडतो हे मुलांच्या मानसिक आजारांसाठी अमेरिकेत तयार झालेल्या ‘डिस्क’ या मुलाखतीवरून कळते. तिच्या चौथ्या आवृत्तीत जवळपास ३,००० प्रश्न आहेत, पण सर्वांना विचारायचे फक्त ३५८. उरलेले उत्तरांनुसार उघडतात. कागदावर ‘उत्तर नाही असेल तर पान बारावर जा’ अशा सूचना पाळताना प्रशिक्षित माणूसही चुकतो; संगणक हे काम निमूट करतो.

चुका किती होतात याचे एक मोजमाप उपलब्ध आहे. एम-चॅट-आर ही चालू लागलेल्या लहान मुलांसाठीची वीस प्रश्नांची चाळणी आहे. शंका आली तर तिच्यात पुढचे प्रश्न आकृतीप्रमाणे विचारायचे असतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या एका बालरोग चिकित्सालयात कागदी फॉर्मऐवजी टॅबलेट दिल्यावर, निकाल अचूक नोंदवलेल्या आणि लागतील तेथे पुढचे प्रश्न विचारलेल्या तपासण्यांचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेले. प्रश्न तेच, डॉक्टरही तेच. फरक पडला तो पुढचा टप्पा विसरण्याची सोय न उरल्याने.

गुणांकनाच्या रीतीत सर्वांत नाजूक बाब रिकाम्या जागेची. ‘लक्षण नाही’, ‘घरच्यांना आठवत नाही’, ‘मुलाच्या वयाला प्रश्न लागू नाही’ आणि ‘प्रश्न विचारलाच नाही’ या चार वेगळ्या गोष्टी आहेत. प्रणालीने चारही ठिकाणी शून्य मांडले, तर न विचारलेला प्रश्न निरोगीपणाचा पुरावा होऊन बसतो. म्हणून चांगली प्रणाली या उत्तरांना वेगळी चिन्हे देते, आणि न विचारलेले प्रश्न जास्त झाले तर बेरीज दाखवायलाच नकार देते.

निदानाचे नियमही प्रणालीत असेच घालता येतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या डीएसएम-५ या नियमावलीनुसार सामाजिक संवादाचे तीनही निकष आणि पुनरावृत्तीच्या वागण्याच्या चारपैकी किमान दोन निकष पूर्ण व्हावे लागतात. शिवाय लक्षणे बालपणापासून असावी लागतात आणि रोजच्या जगण्यात अडचण आणणारी असावी लागतात. तीन आणि दोन मोजणे यंत्राला सोपे आहे. एखादा निकष ‘पूर्ण झाला’ हे मात्र कोणीतरी माणसाने आधी ठरवलेले असते.

आठवणीचे पंचांग

बालपणीचा घटनाक्रम आठवून सांगणे हा या मुलाखतीचा कणा आहे आणि तोच तिचा कच्चा दुवा. पहिला अर्थपूर्ण शब्द कधी आला? एडीआय-आरमध्ये २४ महिन्यांनंतर आलेला पहिला शब्द आणि ३३ महिन्यांनंतर आलेले छोटे वाक्य उशिराचे धरले जाते. पाच वर्षांच्या मुलाच्या आईला ‘तेव्हा नेमके किती महिन्यांचा होता?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा अंदाजाचे असते. लोक महिने मोजून आठवत नाहीत. ते प्रसंगांनी आठवतात. ‘त्या वर्षीच्या गणपतीत आरतीला टाळ्या वाजवत होता, दिवाळीला मात्र मामाकडे कोणाकडे बघेना’ हे वाक्य कोणत्याही आकड्यापेक्षा भरवशाचे असते.

येथे संगणक खरोखर उपयोगी पडतो. जन्मतारीख एकदा भरली की त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीला किंवा दिवाळीला मूल किती महिन्यांचे होते हे प्रणाली क्षणात दाखवू शकते. पहिला वाढदिवस, जावळ, धाकट्या भावंडाचा जन्म, गावाहून बंगळूरला झालेली बदली, बालवाडीचा पहिला दिवस या खुणा आधी रेषेवर मांडल्या, की बोलणे कधी आले आणि गेले असेल तर कधी गेले, हे त्यांच्यामध्ये बसवता येते. दोन उत्तरे एकमेकांशी जुळत नसतील, म्हणजे पहिला शब्द अठराव्या महिन्यात आणि पहिले वाक्य सोळाव्या महिन्यात असे काही नोंदले गेले, तर पडदा लगेच विचारतो. मोबाइलमध्ये साठलेले जुने व्हिडिओ पाहून हीच तारीख पडताळता येते.

बंगळूरचा अनुभव

बंगळूरच्या मानसिक रुग्णालयाला जोडून १९५४ मध्ये अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था सुरू झाली आणि १९७४ मध्ये दोन्ही एकत्र येऊन निम्हान्स उभी राहिली. आखीव मुलाखती भारतीय भाषांत आणि भारतीय घरांत वापरून पाहण्याचे मोठे काम येथे झाले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या अभ्यासात शहरातील मध्यमवर्गीय वस्त्या, झोपडपट्ट्या आणि ग्रामीण भागातील १६ वर्षांपर्यंतच्या २,०६४ मुलांची पाहणी झाली. चाळणीनंतरच्या सविस्तर तपासणीत पालकांसाठीची ‘डिस्क’ मुलाखत वापरली गेली. स्वमग्नता हा ‘डिस्क’चा विषय नव्हता, अशा मुलांसाठी तज्ज्ञांची तपासणी आणि इतर मोजपट्ट्या लागल्या.

यानंतरचा टप्पा २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाचा. निम्हान्सने १२ राज्यांत केलेल्या या सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हता. क्षेत्रकार्यकर्ते टॅबलेट हातात घेऊन घरोघर गेले. ‘मिनी’ ही आखीव मुलाखत त्यावर स्थानिक भाषांत होती. १८ वर्षांवरील ३४,८०२ लोकांच्या मुलाखती अशा घेतल्या गेल्या. चार राज्यांत १३ ते १७ वयोगटासाठी मुलांची आवृत्तीही वापरली गेली, आणि त्या गटात स्वमग्नतेचे प्रमाण १.६ टक्के नोंदले गेले. प्रत्येक घरात तज्ज्ञ पाठवणे शक्य नसताना, प्रश्नाचा क्रम आणि शब्द टॅबलेटने सांभाळले म्हणून शेकडो हातांनी गोळा केलेली माहिती एकत्र मांडता आली.

खास स्वमग्नतेसाठी भारतात दोन साधने रुळली. सिकंदराबादच्या राष्ट्रीय मनोविकलांग संस्थेने २००९ मध्ये आणलेल्या ‘इसा’ या मोजपट्टीत ४० मुद्दे आहेत, सहा गटांत वाटलेले: सामाजिक नाते, भावनिक प्रतिसाद, बोलणे व संवाद, वागण्याच्या तऱ्हा, ज्ञानेंद्रियांच्या बाबी आणि आकलन. प्रत्येक मुद्द्याला १ ते ५ गुण. ७० पेक्षा कमी बेरीज म्हणजे स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम आणि त्यापुढे तीव्र. दुसरे साधन इनक्लेन या संशोधनजाळ्याचे आयएनडीटी-एएसडी. २ ते ९ वर्षांच्या मुलांसाठीच्या या साधनाचा पहिला भाग २९ मुद्द्यांचा आणि दुसरा १२ प्रश्नांचा आहे. काही मुद्द्यांवर आईचे उत्तर पुरेसे मानले जात नाही. तपासणाऱ्याने ते वागणे स्वतः पाहावे अशी सूचना असते. इनक्लेनच्या पाच ठिकाणच्या ३,९६४ मुलांच्या पाहणीत उत्तर गोवा हे एक ठिकाण होते. दिल्लीच्या एम्सने हे साधन डीएसएम-५ च्या निकषांनुसार बदलले आणि अशा साधनांचे मोबाइल अ‍ॅपही केले, म्हणजे जिल्ह्याच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञाला प्रश्न आणि निकष हातातच मिळतात.

तज्ज्ञ नसलेल्या आरोग्यकर्मीला घरी पाठवण्याचा प्रयोगही भारतात झाला. गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेली संगत ही संस्था, आयआयटी मुंबई आणि ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठ यांच्या ‘स्टार्ट’ या टॅबलेट प्रणालीत पालकांसाठीचे प्रश्न, मूल आणि पालक खेळत असतानाचे निरीक्षण आणि मुलाने पडद्यावर करायचे छोटे खेळ असे तीन भाग आहेत. दिल्लीत २ ते ७ वर्षांच्या १३१ मुलांच्या घरी ती वापरून पाहण्यात आली. त्यांत स्वमग्न मुलांबरोबर बौद्धिक अक्षमता असलेली आणि सर्वसाधारण वाढ असलेली मुलेही होती, कारण खरा कस स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या दोन अवस्था वेगळ्या ओळखण्यात लागतो.

भाषेची गाठ

जयनगरात राहणाऱ्या एखाद्या मराठी घराची कल्पना करता येईल. आईवडील मराठी बोलतात, मुलाला सांभाळणाऱ्या बाई कन्नड किंवा तमिळ, शाळा इंग्रजी, आणि शेजारच्या मुलांची हिंदी-कन्नड सरमिसळ. मूल तीन वर्षांचे होऊनही बोलत नसले, की पहिला सल्ला मिळतो तो ‘इतक्या भाषा कानावर पडतात, गोंधळलाय तो’ असा. एकापेक्षा जास्त भाषांमुळे स्वमग्नता येत नाही किंवा वाढत नाही, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. बहुभाषिक मुलाचे शब्द सर्व भाषांतले मिळून मोजायचे असतात. ‘पाणी’, ‘नीरु’ आणि ‘वॉटर’ हे शब्द तीन असले तरी अर्थ एकच आहे, म्हणून प्रणालीत किती शब्द आणि किती अर्थ हे दोन्ही नोंदवण्याची सोय लागते. बोलण्याला उशीर असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी झाली आहे का, हा प्रश्नही सुरुवातीलाच यावा लागतो.

भाषांतराच्या अडचणी याहून खोल आहेत. स्वमग्नतेचे एक जुने लक्षण सर्वनामांची अदलाबदल: स्वतःला ‘मी’ म्हणण्याऐवजी मूल ‘तू’ म्हणते. इंग्रजीत हे चटकन ऐकू येते. मराठीत सर्वनाम बहुधा बोललेच जात नाही. आई विचारते, ‘पाणी हवंय?’ आणि तहानलेले मूल म्हणते, ‘पाणी हवंय?’ या वाक्यात ‘मी’ नाही, ‘तू’ही नाही, प्रश्नाचा सूर तेवढा जसाच्या तसा परत आला आहे. आई म्हणते, ‘जेवतोस?’ आणि मूल स्वतःविषयी म्हणते, ‘जेवतोस.’ अदलाबदल क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात लपलेली असते. म्हणून ‘तो मी आणि तू यांत गोंधळतो का?’ या शब्दशः भाषांतराला आई प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. पडद्यावर उदाहरण द्यावे लागते: ‘भूक लागली की जेवायचंय म्हणतो, की तुमचाच प्रश्न परत म्हणतो?’ कन्नडातही कर्ता क्रियापदाच्या प्रत्ययात असतो, त्यामुळे तेथेही हीच काळजी घ्यावी लागते.

उलटी चूकही होते. आई आणि आजीच्या सहवासात वाढणारा मुलगा काही काळ ‘मी जाते’, ‘मी खाते’ म्हणतो. ही ऐकून उचललेली क्रियापदे असतात. त्यांचा सर्वनामांच्या अदलाबदलीशी संबंध नसतो. लहान मूल स्वतःला नावाने संबोधते तेही वयाप्रमाणे ठीक असू शकते. मुलाखतीच्या मराठी आवृत्तीत या सूचना मुलाखतकाराला त्या-त्या प्रश्नाखालीच दिसायला हव्यात.

खेळाच्या प्रश्नांनाही घरचा चेहरा लागतो. परदेशी प्रश्नावलीत बाहुलीची चहापार्टी असते. मराठी घरात भातुकली, रिकाम्या पेल्यातून आजोबांना पाजलेला लटका चहा, उशीचा घोडा आणि पावडरच्या डब्याचा फोन असतो. ‘कल्पक खेळ खेळतो का?’ यापेक्षा ‘खोटंखोटं काही करून दाखवतो का?’ हे आईला लगेच कळते. नजरेविषयीही तसेच. मोठ्यांपुढे खाली पाहणे अनेक घरांत शिष्टाचार आहे, म्हणून पाहुण्यांकडे न बघण्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. चांदोबा दाखवला तर मूल आधी बोटाकडे, मग चंद्राकडे आणि मग आईच्या चेहऱ्याकडे पाहते का, हा प्रश्न अधिक काही सांगून जातो. आनंदात दुसऱ्याला सामील करून घेणे त्यात दिसते.

म्हणून प्रश्नावलीचे भाषांतर एका फेरीत संपत नाही. एकाने मूळ भाषेतून मराठीत आणायचे, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत मूळ भाषेत न्यायचे, दोन्ही ताडून पाहायचे, मग काही पालकांना विचारून त्यांना काय समजले हे त्यांच्याच तोंडून ऐकायचे. सॉफ्टवेअरमध्ये भाषा बदलण्याचे बटण घालायला वेळ लागत नाही. त्या बटणामागचे शब्द तपासायला लागतो.

प्रश्न किती कमी करता येतात

अडीच तासांची मुलाखत गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात परवडत नाही. तेव्हा यंत्रालाच विचारावे की यातले नेमके कामाचे प्रश्न कोणते, असा मोह होतो. २०१२ मध्ये डेनिस वॉल आणि सहकाऱ्यांनी साठवलेल्या उत्तरांवर यंत्रशिक्षणाचा प्रयोग करून एडीआय-आरच्या ९३ पैकी सात प्रश्न पुरेसे असल्याचा निष्कर्ष काढला. २०१५ मध्ये डॅनियल बोन आणि सहकाऱ्यांनी त्याची फेरतपासणी केली तेव्हा तो दावा तसाच टिकला नाही. मूळ उत्तरे अडीच तासांच्या पूर्ण मुलाखतीत, प्रशिक्षित माणसाने खोदून मिळवलेली होती. फक्त सात प्रश्न पाच मिनिटांत विचारले, तर उत्तरे तशीच येतील याची खात्री काय? शिवाय त्या माहितीत ठळक स्वमग्न मुले भरपूर होती आणि तज्ज्ञालाही कोड्यात पाडणारी मुले मोजकी.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये १८ ते ७२ महिन्यांच्या मुलांच्या निदानात डॉक्टरला मदत करणाऱ्या एका सॉफ्टवेअरला परवानगी दिली. पालकांची उत्तरे, घरच्या व्हिडिओंचे विश्लेषण आणि डॉक्टरची प्रश्नावली एकत्र करून ते ‘आहे’, ‘नाही’ किंवा ‘सांगता येत नाही’ असे तीनपैकी एक उत्तर देते. ४२५ मुलांच्या चाचणीत ६८ टक्के मुलांच्या बाबतीत त्याचे उत्तर ‘सांगता येत नाही’ हे होते. जेथे माहिती अपुरी तेथे गप्प राहणे ही त्याच्या रचनेतली चांगली बाजू. अशा मुलांना पूर्ण तपासणीची वाट धरावी लागते, हेही त्यातून कळते.

गुण, निदान आणि दाखला

मुलाखतीच्या शेवटी पडद्यावर येणारा आकडा आणि डॉक्टरचे निदान यांच्यात अजून काही पायऱ्या असतात. श्रवणदोष, बौद्धिक अक्षमता, अतिचंचलता, चिंता, किंवा घरात बोलणारे पण बाहेर गप्प राहणारे मूल, यांपैकी कशातही काही उत्तरे स्वमग्नतेसारखी येतात. म्हणून प्रत्यक्ष निरीक्षण, बुद्धिमापन, वाचा-भाषा तपासणी आणि शाळेचे म्हणणे यांच्याशी मुलाखत ताडून पाहिली जाते. आकडा एक सांगत असेल आणि निरीक्षण दुसरे, तर निर्णय बदलण्याची मुभा आणि त्याचे कारण लिहिण्याची जागा प्रणालीत ठेवावी लागते.

भारतात या आकड्याला कायदेशीर वजनही आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सरकारी प्रमाणपत्रासाठी ‘इसा’च्या गुणांचा आधार घेतला जातो. शाळेतील सवलत, प्रवास, निवृत्तिवेतन, पालकत्वाची व्यवस्था या गोष्टी त्या दाखल्याशी जोडलेल्या आहेत. त्यामुळे कोणत्या तारखेला, प्रश्नावलीच्या कोणत्या आवृत्तीने, कोणत्या भाषेत, कोणाकडून माहिती घेतली, हे नोंदीत असणे आवश्यक ठरते. आईने आणि आजीने वेगळी उत्तरे दिली असतील, तर दोन्ही जपून ठेवायची असतात. सरासरी काढून एक करायची नसतात.

या नोंदी लहान मुलाच्या आयुष्याबरोबर पुढे जातात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ रुग्णाच्या माहितीची गुप्तता सांगतो, आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची तरतूद आहे. मुलाखत टॅबलेटवर घेतली तर ती कोठे साठते, कोण पाहू शकते आणि संशोधनासाठी वापरली जाणार का, हे पालकांना पहिल्या प्रश्नाच्या आधी त्यांच्या भाषेत सांगावे लागते. मूल मोठे होते, बोलू लागते, काही लक्षणे मागे पडतात, काही नवी दिसतात. दोन-तीन वर्षांनी तीच मुलाखत पुन्हा घेतली जाते तेव्हा जुनी उत्तरे उपयोगी पडतात, पण ती पडद्यावर आधी दाखवली तर आई त्यांनाच दुजोरा देत जाते. म्हणून दुसऱ्या खेपेला प्रश्न नव्याने विचारले जातात, आणि जुनी नोंद तुलनेसाठी शेवटी उघडली जाते.